पत्त्यांचा कॅट, एक मोबाईल आणि बारा मिनिटांचा कार्यक्रम

व्हिडिओ बघून पत्त्यांची जादू शिकता येते का, असं गेल्या वर्षभरात बऱ्याच शिक्षक मित्रांनी विचारलं. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीनंतर मी दहा-बारा मिनिटं काही प्रयोग करून दाखवले होते, तेव्हापासून असा फोन अधूनमधून येतो. थोडक्यात उत्तर असं, की हात व्हिडिओवरून तयार होतो. पण कोणता प्रयोग आधी, कोणता नंतर, कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं आणि कुठे थांबायचं, हे मला आमच्या शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी शिकवलं. तेच जरा सविस्तर लिहितो. ज्यांना करायचंय त्यांना उपयोग होईल.

आमची शाळा पाथर्डी तालुक्यात, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. नगर जिल्ह्याचा (आता अहिल्यानगर म्हणायचं) हा भाग ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि गाव रिकामं होत जातं. मागे राहिलेली पोरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. दिवाळीनंतरचा वर्ग कसा दिसतो हे या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. अशा दिवसांत मुलांनी शनिवारी तरी धावत शाळेत यावं, म्हणून मी काहीतरी शोधत होतो. 'आनंददायी शनिवार' कागदावर आलाच होता. गाणी झाली, गोष्टी झाल्या, कागदकाम झालं. मग एका मे महिन्याच्या सुट्टीत पत्ते हातात घेतले.

जादू म्हटलं की आपल्या पिढीला पुण्याचे जादूगार रघुवीर आठवतात. आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्यांनी ती कला सांभाळली. पण ती रंगमंचावरची जादू. पेट्या, पडदे, दिवे, संगीत, सगळा लवाजमा. मी शिकलो ती हाताच्या अंतरावरची जादू. समोर पाच-सहा माणसं, मध्ये एक सतरंजी नाहीतर बाक, आणि बावन्न पानं. इंग्रजीत तिला 'क्लोज-अप' म्हणतात. शाळेला ती परवडते, कारण खर्च एका कॅटचा. आणि ती अवघड आहे, कारण पोरं नाक लावून बघतात.

शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत, बहुतेक इंग्रजीत, काही हिंदीत. आधी प्रयोग दाखवतात आणि मग तो कसा करायचा ते सांगतात. मी स्वतःला एक शिस्त लावली होती. प्रयोग तीन वेळा बघायचा, तिथे व्हिडिओ थांबवायचा, आणि कसा केला असेल ते वहीत लिहायचं. मगच पुढचं बघायचं. आपण मुलांना गणिताचं उत्तर मागच्या पानावर बघू नका म्हणतो ना, तसंच. निम्म्या वेळा माझा अंदाज व्हिडिओतल्या युक्तीपेक्षा वेगळा निघायचा, आणि कधीकधी माझी युक्ती वर्गात जास्त सोपी पडायची.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. शिकवणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेला असतो. त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो आणि नक्कल करताना गोंधळ उडतो. ज्यात कॅमेरा शिकवणाऱ्याच्या खांद्यावरून त्याच्या हातांकडे बघतो, असे व्हिडिओ आधी शोधावेत. वेग अर्ध्यावर आणता येतो, तोही आणावा. पत्त्यांचंही एक आहे. परदेशी व्हिडिओत जवळपास सगळे 'बायसिकल' छापाचे पत्ते वापरतात. ते थोडे रुंद असतात आणि त्यांची पाठ किंचित खरबरीत असल्यानं पंख्यासारखे उघडतात. आपल्या किराणा दुकानातले स्वस्त पत्ते घामानं चिकटतात. प्लॅस्टिकचे घेतले तर इतके गुळगुळीत, की हातातून निसटून सगळी पानं जमिनीवर. मुलांच्या लहान हाताला अरुंद पत्तेच बरे पडतात, हे मात्र खरं.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जुनी युक्ती 'ओळखीच्या पानाची'. कॅटच्या तळाचं पान गुपचूप बघून ठेवायचं, समजा किलवरची सत्ती. समोरच्यानं एक पान ओढलं, बघितलं, कॅटवर ठेवलं. आता कॅट मधोमध कापून खालचा भाग वर ठेवायला सांगायचं. तळाची सत्ती आपोआप त्याच्या पानावर येऊन बसते. कितीही वेळा कापा, ती जोडी सहसा तुटत नाही. पानं सुलटी पसरली की सत्तीच्या लगतचं पान त्याचं. पाचवीचं पोरगं दहा मिनिटांत शिकतं.

अवघड आहे ते दोन पानं एक म्हणून उचलणं. वरची दोन पानं करंगळीच्या टोकानं किंचित वेगळी धरायची आणि एकच पान असल्यासारखी उलटायची. याला मला दोन महिने लागले. रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास, समोर मोबाईल उभा करून स्वतःचंच चित्रण. त्यात एक गंमत कळली. चोरी करण्याच्या नेमक्या क्षणी माझे डोळे मिटायचे. आपण बघितलं नाही म्हणजे जगानंही बघितलं नाही, असं मांजरासारखं. जादू करणाऱ्या पुष्कळ जणांचं असं होतं म्हणे. त्याला उपाय एकच, त्या क्षणी समोरच्याला प्रश्न विचारायचा आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं. आपण वर बघितलं की तोही वर बघतो, आणि हात मोकळे होतात. फळ्याकडे पाठ करून वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला हे नवीन नव्हतं, पण इथे ते उलट्या कामासाठी वापरायचं होतं.

इथपर्यंत व्हिडिओ पुरतात. कार्यक्रम बसवायला लागलो तेव्हा बी. एड.ला शिकलेलं पाठ टाचण पुन्हा डोळ्यांसमोर आलं, आणि लक्षात आलं की जादूचं टाचण बरोबर उलटं आहे. पाठात आपण आधी उद्दिष्ट सांगतो, 'आज आपण अपूर्णांकांची बेरीज शिकणार आहोत'. जादूत पुढे काय होणार ते आधी सांगायचं नसतं. सांगितलं की समोरचा त्याच जागी टपून बसतो. पाठात आपण तेच तेच तीन वेळा घोटून घेतो. जादूत तोच प्रयोग त्याच माणसांपुढे लगेच परत करायचा नसतो, पोरांनी कितीही 'सर, परत! सर, परत!' केलं तरी. आणि पाठात अवघड भाग मध्ये येतो, शेवटी उजळणी. कार्यक्रमात सगळ्यात भारी ते शेवटी ठेवायचं आणि त्या खालोखालचं सुरुवातीला. मधल्या जागेत थोडं रेंगाळलेलं चालतं.

त्या हिशोबानं माझा पहिला बारा मिनिटांचा कार्यक्रम असा बसला. सुरुवातीला रंग बदलणारी राणी, दोन पानं एक म्हणून उचलण्यावर बेतलेली. वीस सेकंदांत संपते आणि डोळ्यांना दिसते, तिथे हिशोब काही नाही. मध्ये एकवीस पानांचा प्रयोग. आणि शेवटी कापरेकर.

एकवीस पानांचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो. तीन ओळींत सात-सात पानं वाटायची, मनात धरलेलं पान कोणत्या ओळीत आहे विचारायचं, ती ओळ मधे ठेवून गोळा करायची, असं तीनदा. तिसऱ्यांदा गोळा केल्यावर ते पान वरून अकरावं. फ्रान्समधले गणितज्ञ जर्गोन यांनी सत्तावीस पानांच्या अशाच प्रयोगावर १८१३-१४ साली लेख लिहिला होता, म्हणजे हा काही पोरखेळ नव्हे. सातवीच्या मुलांकडून मी कारण काढून घेतो. पहिल्या वेळेला शक्यता सात उरतात आणि ती सात पानं आठव्या ते चौदाव्या जागेवर जातात. दुसऱ्यांदा वाटली की प्रत्येक ओळीत त्यातली दोन किंवा तीनच येतात, आणि तीही त्या ओळीच्या मधल्या भागात. गोळा केल्यावर आपलं पान दहा, अकरा किंवा बारा यांपैकी एका जागेवर. तिसऱ्यांदा वाटली की या तिन्ही जागा प्रत्येक ओळीत चौथ्या येतात. ओळ मधे ठेवा, सात अधिक चार, अकरा. चाळणी तीनदा लावली, इतकंच. पण हा प्रयोग लांबतो. वाटताना तोंड बंद ठेवलं तर पोरं जांभया देतात. तिथे बोलणं लागतं.

बोलण्याचा हा मुद्दा मोठा आहे. व्हिडिओतली माणसं जे बोलतात ते आपल्या कामाचं नाही. तिकडे कसिनो, पोकर, दारूचे पेले, हॉटेलच्या लिफ्ट. चार गुलामांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, त्यात चार चोर एका इमारतीच्या छपरावर उतरतात, वेगवेगळ्या मजल्यांवर चोरी करतात आणि पोलीस आले की चौघंही छपरावर पोचतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी चार मजली इमारत आतून बघितलेली नाही. म्हणून मी चार गुलामांना ऊसतोडीला पाठवलं. एक गुलाम गेला बारामतीकडे, म्हणून कॅटच्या वरच्या भागात खुपसला. एक सांगलीकडे, मधे. एक पार कर्नाटकात, तळाजवळ. एक म्हातारा गुलाम गावातच राहिला, शेरडं सांभाळायला. तो वरच. मग कारखान्याचा पट्टा पडतो, पाडवा येतो, मी कॅटवर टिचकी मारतो, आणि एकामागोमाग एक चारही गुलाम वरून निघतात. घरी आले.

पहिल्यांदा हे बोललो तेव्हा वर्गात जी शांतता झाली तशी रंग बदलणाऱ्या राणीला कधी झाली नव्हती. ज्यांचे आईबाप त्या वेळी फडात होते अशी पोरं पुढं सरकून बसली. एकानं विचारलं, "सर, बैलगाडीनं आले का ट्रॅक्टरनं?" मी म्हटलं ट्रॅक्टरनं. "मग लवकर आले," तो म्हणाला.

पण मला जास्त आठवते ती सहावीतली एक मुलगी. तिनं तिसऱ्या शनिवारी युक्ती पकडली. चार गुलाम पंख्यासारखे दाखवताना शेवटच्या गुलामामागे तीन दुसरी पानं दडवलेली असतात. पंखा मिटून पालथा कॅटवर ठेवला की ती तीन पानं वर येतात, आणि गावोगाव जातात ती तीच. गुलाम हललेलेच नसतात. तिनं हे सगळं कोणालाही न ऐकवता मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "म्हणजे गेले ते दुसरेच कोणीतरी. हे चौघं घरीच होते." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग बरंय." आणि मला तो प्रयोग शिकवा म्हणून मागे लागली.

आता मोठ्या माणसांचं. हे लिहिलं नाही तर हा लेख अर्धाच राहील.

खेड्यात पत्ते म्हणजे मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन हे खरं. सुट्टीत घरोघर बदाम सात आणि झब्बू चालतो. आणि पत्ते म्हणजे पारावरची तीन पत्ती, हेही तितकंच खरं. जुगारबंदीचा आपला कायदा १८८७ सालचा आहे, पण पार त्याहून जुना. त्यामुळे शाळेत पत्ते आणायचे म्हटल्यावर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. त्यांना मी सावंतवाडीच्या गंजिफाचं उदाहरण दिलं. हातानं रंगवलेली गोल पानं, दशावताराचे दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण एकशेवीस. पत्त्यांवर देव असू शकतात तर पत्ते शाळेत का नसावेत, असा माझा युक्तिवाद. ते हसले आणि म्हणाले, "करा. पण पालक सभेत तुम्हीच बोलायचं."

पालक सभेच्या आधीच एक आई शाळेत आली. मुलगा चौथीत. दारातच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, राग मानू नका. पन माझ्या पोराच्या हातात पत्ते नका देऊ. आमच्या घरात ह्या पत्त्यानंच वाटोळं केलंय. ह्याच्या बापानं उचल आणली, ती यात्रेत एका दुपारी गेली. ती फेडायला दोघांनी दोन सीझन तोडलं." उचल म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेली रक्कम. ती संपली तरी कोयता सुटत नाही.

तिला काय सांगायचं? 'गणित आहे, ताई' हे उत्तर तिच्यासमोर फार पोकळ वाटलं. मी विचारलं, "कोणता डाव होता?" तिनं सांगितलं, तीन पानं पालथी, राणी कुठं ते सांगायचं.

आपल्याकडे मोठ्या यात्रा पुष्कळ. मढीला तर होळीपासून पाडव्यापर्यंत गर्दी, गाढवांचा बाजार भरतो तो वेगळा. अशा कुठल्याही गर्दीत हा डाव मांडणारी माणसं सापडतात. आणि हा डाव व्हिडिओवर मी आधीच शिकलो होतो. पानं लांबीत जराशी वाकवलेली असतात, म्हणजे पटकन उचलता येतात. उजव्या हातात दोन पानं, एकावर एक, खालची राणी. ती तो आपल्याला दाखवतो. मग हात झटकून एक पान खाली टाकतो. आपण समजतो खालचं पडलं. पडतं वरचं. बोटांचा खेळ एवढाच, आणि तो सावकाश केला तरी दिसत नाही. बाजूला उभा राहून पहिले दोन डाव जिंकणारा माणूस त्याचाच असतो. राणीचा कोपरा हळूच मुडपून आपल्याला डोळा मारणाराही त्याचाच. आपण त्या मुडपलेल्या पानावर सगळे पैसे लावतो. तोवर कोपरा दुसऱ्या पानाचा मुडपलेला असतो.

पालक सभेत मी हाच डाव मांडला. पैशांऐवजी चिंचोके. बायका पुढे, पुरुष मागे भिंतीला टेकून. मी सहा वेळा टाकलं, सहाही वेळा राणी कोणाला सापडली नाही. मागचे दोघं-तिघं हळूहळू पुढं आले, चिंचोके संपवून परत गेले. मग मी युक्ती उघडी केली. आधी सावकाश, मग आणखी सावकाश, मग पानं उलटी धरून. ज्या बाईनं हरकत घेतली होती, ती म्हणाली, "परत दाखवा." मी दाखवलं. "परत." जादूत तोच प्रयोग परत करायचा नाही हा नियम मी वर सांगितला, तो इथे लागू नव्हता. पाच वेळा दाखवलं. शेवटी तिनं पानं स्वतःच्या हातात घेतली आणि दोन प्रयत्नांत तिला जमलं. कोयता धरणारे हात, पक्के. तिनं मागे वळून एकदाच भिंतीकडे बघितलं. नवरा तिथे होता की नव्हता, मी विचारलं नाही.

मुलाला परवानगी मिळाली, पण तिची अट होती. "आधी हे शिकवा, मग बाकीचं." ती अट मी सगळ्यांसाठीच मान्य केली. आता आमच्याकडे शनिवारच्या गटात येणारं प्रत्येक मूल आधी तीन पानांचा हा डाव उघडा करायला शिकतं.

दुसरी हरकत उलट बाजूनं आली. हरकत नव्हतीच ती, विनंती होती. कार्यक्रम बघायला आलेल्या एका आजींनी दुसऱ्या दिवशी मला रस्त्यात गाठलं. हातात नारळ. त्यांची म्हैस चार दिवसांपासून सापडत नव्हती. "गुरुजी, पत्त्यात बघा की, कोण्या दिशेला गेली."

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. या जिल्ह्यात, या राज्यात, हळदीत चुना कालवून कुंकू 'प्रकट' करणारे आणि नारळातून 'करणी' काढणारे बुवा लोकांच्या किती कमाया खाऊन बसले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव असेच चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागचं विज्ञान सांगतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि ज्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं धडपड केली तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. हे सगळं मुलांना सांगणारा शिक्षक हातात पत्ते घेतो, तेव्हा त्याच्याकडे नारळ घेऊन कोणी येणं ही गंभीर गोष्ट आहे.

आजींना मी तिथेच ओट्यावर बसवलं, एक पान ओढायला लावलं, ओळखलं, आणि कसं ओळखलं ते दाखवलं. किलवरची सत्ती आणि शेजारचं पान. त्या म्हणाल्या, "म्हंजी तुम्ही आधीच बघून ठिवलं व्हतं." हो म्हटलं. "मग म्हशीचं तुम्हाला न्हाई कळायचं." नाही कळायचं. त्यांनी नारळ पिशवीत टाकला आणि विहिरींकडच्या वाटेनं शोधायला गेल्या. म्हैस दोन दिवसांनी शेजारच्या वाडीत सापडली.

त्यानंतर कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोन वाक्यं आली, आणि ती मी कधीच गाळत नाही. 'मला मंत्र येत नाही. मी तुम्हाला आता तुमच्या डोळ्यांदेखत फसवणार आहे, ते शोधून काढा.' व्हिडिओत कोणी असं बोलत नाही. तिथे गूढ चेहरा करायला शिकवतात. मला वाटत होतं, असं आधीच सांगितलं की मजा जाईल. गेली नाही. पोरं जास्त चवताळून बघतात.

शेवटचा प्रयोग कापरेकरांचा, त्याबद्दल गणिताच्या शिक्षकांसाठी थोडं. द. रा. कापरेकर आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी शोधलेला ६१७४ हा अंक जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. मी एक्क्यापासून नव्वीपर्यंतची पानं वेगळी काढतो आणि एका मुलाला त्यातली वेगवेगळ्या अंकांची चार ओढायला सांगतो. समजा आली तिर्री, पंजी, दुर्री, चौकी. उतरत्या क्रमानं ५४३२, चढत्या क्रमानं २३४५. वजा केले, ३०८७. याच अंकांचं पुन्हा तेच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ चं काहीही करा, पुन्हा ६१७४. चारही अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे यावंच लागतं. वजाबाकीत तीनच अंक उरले, तर पुढे शून्य धरायचं, एवढं बजावून ठेवावं. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच एक बंद पाकीट मी सगळ्यात लहान मुलाच्या खिशात ठेवलेलं असतं. सगळा वर्ग पाट्यांवर वजाबाकी करतो, वेगवेगळ्या पायऱ्यांना एकेक जण ओरडतो, 'आलं!', आणि पाकिटात तोच अंक. मोठ्यांच्या सभेत चार गट करून चार वेगवेगळ्या पानांनी केलं तर आणखी रंगतं. एका प्रयोगात अख्ख्या वर्गाची पाच-पाच हातच्याची वजाबाकी बिनबोभाट होऊन जाते, हा माझा गुप्त फायदा.

यंदा कार्यक्रम मी करत नाही. सहावी-सातवीची सात मुलं करतात. क्रम त्यांनीच लावायचा असं ठरलं, आणि त्यावरून दोन शनिवार भांडण चाललं. राणी पहिली, यावर एकमत. एकवीस पानं काढून टाका, लांबतात, असं चौघांचं म्हणणं. एक मुलगा अडून बसला, कारण तो वाटताना सात ओळींची गोष्ट छान सांगतो. शेवटी एकवीस पानं राहिली, गोष्ट निम्मी झाली. तीन पानांचा डाव दुसऱ्या नंबरावर, तो चौथीतल्या त्या मुलालाच द्यायचा, हेही त्यांनी आपणहून ठरवलं.

अडलं ते शेवटाशी. माझं मत, शेवट ६१७४ नं व्हावा. सगळे पाट्या उंचावतात, पाकीट उघडतं, टाळ्या पडतात. सहावीतली ती मुलगी, जी चार गुलाम करते, तिला हे मान्य नव्हतं. मी तिला पुन्हा समजावून सांगितलं, भारी ते शेवटी, असा नियम आहे.

"गणिताचं उत्तर आलं की लोक चपला शोधायला लागतात, सर," ती म्हणाली. "गुलाम अजून यायचे राहिलेत म्हटलं की कोणी उठत नाही."

त्यांनी मतदान घेतलं. पाच विरुद्ध दोन. पाडव्याच्या आदल्या शनिवारी कार्यक्रम आहे, गाड्या तोवर येऊन पोचलेल्या असतील.